पाण्याखालचे गाव

(नवी मुंबईहून विजापूरला निघालेल्या एका कुटुंबाच्या आणि विद्यार्थ्यांच्या हिवाळी प्रवासाचे वर्णन या पाठात आहे. पाठाचा निवेदक नववीत शिकणारा मुलगा आहे.)

डिसेंबर महिना होता. नाताळची सुट्टी लागली होती. विजापूरचा गोलघुमट पाहायचा, असे आमचे कितीतरी दिवसांपासून ठरले होते. अब्बांनी सतरा आसनांची गाडी भाड्याने घेतली. आमच्या घरचे पाच जण, माझे सहा वर्गमित्र आणि त्यांच्यापैकी दोघांचे वडील असे आम्ही तेरा जण निघालो. खर्च सर्वांनी वाटून घेतला.

मराठीच्या बाईंनी आम्हांला एक काम दिले होते. त्या म्हणाल्या होत्या, "वाटेत एका तरी अनोळखी माणसाशी मराठीत बोला आणि काय बोललात ते वहीत लिहून आणा." आम्ही उर्दू माध्यमाची मुले. पुस्तकातले मराठी आम्ही नीट वाचत असू, पण बोलताना जीभ अडखळत असे. दादाजानांचे तसे नव्हते. ते पनवेल तालुक्यातल्या एका खेड्यात वाढले. घरात कोकणी बोली, शेजारी आगरी बोली आणि बाजारात मराठी, असे त्यांचे लहानपण गेले. त्यामुळे ते कोणाशीही सहज गप्पा मारत.

पहाटे चार वाजता गाडी सुटली. कळंबोलीपासून द्रुतगती महामार्ग सुरू झाला. खंडाळ्याचा घाट चढताना थंडी वाजू लागली. अम्मीने सर्वांना शाली दिल्या. समोरून येणाऱ्या मालट्रकांची रांग संपत नव्हती. अब्बा म्हणाले, "यांतल्या कितीतरी ट्रकांत कांदा असेल. सोलापूरकडचा कांदा वाशीच्या बाजारात येतो. आपण चाललो आहोत तो आपल्या भाजीचा रस्ता आहे!"

पुणे मागे पडले आणि उजाडले. आता सारा देखावाच बदलला होता. आमच्याकडे कोकणात भाताची खाचरे असतात. इथे सपाट, काळी जमीन होती आणि तिच्यावर ज्वारी डोलत होती. सह्याद्रीचे डोंगर पावसाचे ढग अडवतात. त्यामुळे कोकणात धो धो पाऊस पडतो आणि घाटापलीकडे फारच कमी. पण ही काळी माती ओल धरून ठेवते. त्या ओलीवरच हिवाळ्यातली ज्वारी पिकते. तिला शाळू म्हणतात. कणसे कोवळी असताना ती भाजून खातात. तोच हुरडा. एका शेताजवळ आम्ही गाडी थांबवून हुरडा खाल्ला. गूळ आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तो इतका छान लागला, की माझ्या धाकट्या बहिणीने पुढे दिवसभर दुसरे काही खाल्ले नाही.

नऊच्या सुमारास आम्ही भिगवणजवळ पोहोचलो. भीमा नदीवर उजनी येथे मोठे धरण आहे. ते 1980 साली पूर्ण झाले. त्याचे पाणी मागे भिगवणच्याही पुढे पसरले आहे. या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. हिवाळ्यात इथे हजारो पक्षी येतात. आम्ही दोन होड्या ठरवल्या. आमच्या होडीचा नावाडी साठीच्या घरातला होता.

थोडे आत गेल्यावर उथळ पाण्यात गुलाबी रंगाची एक लांब रेघ दिसली. "रोहित!" माझा मित्र ओरडला. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. ठाण्याच्या खाडीत आणि नेरूळच्या तळ्यांवर आम्ही ते नेहमी पाहतो. आपल्या घराजवळचे पाहुणे इथे भेटल्यावर आम्हांला फार आनंद झाला. हा पक्षी मान वाकवून चोच उलटी करतो आणि चिखलपाणी गाळून त्यातले शेवाळ व बारीक जीव खातो. त्या अन्नामुळेच त्याच्या पिसांना गुलाबी रंग येतो. कच्छच्या रणात तो अंडी घालतो. पलीकडच्या काठावर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस बसले होते. ते तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. तेही आमच्यासारखेच थंडीत दक्षिणेकडे निघालेले प्रवासी!

नावाड्याने दादाजानांना विचारले, "चाचा, कुठले तुम्ही?"

"पनवेलकडचा. नवी मुंबईचा म्हणा."

"म्हणजे मोठ्या शहरातले."

दादाजान हसले. "शहर मागून आले, भाऊ. आधी तिथे आमची भातशेती होती. आमची जमीन शहरात गेली."

नावाड्याने वल्हे थांबवले. तो म्हणाला, "आमची धरणात गेली. आमचं गाव इथंच आहे."

"कुठे?" माझ्या मित्राच्या तोंडून एकदम निघाले. हा आमच्यापैकी सर्वांत लाजाळू मुलगा.

"तुझ्या पायांखाली, पोरा. पाण्यात."

आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. हिरवट पाण्याशिवाय काहीच दिसले नाही. नावाडी सांगू लागला, "मी बारा वर्षांचा होतो. पाणी चढायला लागलं तसं गाव उठलं. माझ्या वडिलांनी घराच्या दाराची चौकट काढून बैलगाडीत घातली. भिंती सोडल्या, पण चौकट नाही सोडली. नव्या घराला तीच बसवली. आता मी मासे धरतो आणि थंडीत तुमच्यासारख्यांना पक्षी दाखवतो."

दादाजान बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आपली हकिकत सांगितली. नवी मुंबई वसवण्यासाठी 1970 नंतर ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. भातशेती गेली, मिठागरे गेली. योग्य मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याची योजना आली. दादाजान म्हणाले, "पैसा मिळाला तो दोन वर्षांत संपला. मग वडिलांनी कारखान्यात रखवालदारी केली. आपल्याच शेतावर उभ्या राहिलेल्या कारखान्यात."

माझ्या मित्राला आता राहवेना. त्याने नावाड्याला विचारले, "काका, तुम्हांला राग नाही येत?"

"येतो की," नावाडी म्हणाला. "पण हेच पाणी सोलापूर शहर पितं. ह्याच पाण्यावर खालचा ऊस उभा आहे. पाण्याला वाईट कसं म्हणू? आम्हांला पाण्याच्या आधी नीट विचारायला हवं होतं, एवढंच."

मग मित्र दादाजानांकडे वळला. "दादाजान, आमच्या नेरूळच्या इमारतीखाली काय होते?"

"मिठागर असेल, नाहीतर भाताचे खाचर. नेरूळ गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचार. तो नेमके सांगेल."

होडी काठाला लागली. नावाड्याने पैसे घेतले, पण दादाजानांचे घेईना. "उन्हाळ्यात या, चाचा," तो म्हणाला. "पाणी फार उतरलं, की पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर येतं. आमच्या गावाच्या खुणाही दिसतात. वडिलांनी चौकट काढली ती जागा दाखवतो."

त्या रात्री आम्ही सोलापूरला मुक्काम केला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा तिथल्या एकाच रस्त्यावर ऐकू आल्या. अम्मीने सोलापुरी चादरी घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भीमा नदी पुन्हा भेटली. पूल ओलांडला आणि पाट्या कन्नड झाल्या.

विजापूरचे अधिकृत नाव 2014 पासून विजयपुरा आहे. गोलघुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. ती 1656 मध्ये बांधून झाली. सुमारे 44 मीटर व्यासाच्या त्या घुमटाला आत एकही खांब नाही. अरुंद जिने चढून आम्ही सज्जात गेलो. भिंतीजवळ कुजबुजलेले समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येते. आम्ही खूप मजा केली. 'गुंबद'चा मराठीत 'घुमट' झाला, हेही तिथेच ध्यानात आले. दादाजानांना जिने चढवेनात. ते खाली बसून आमचे आवाज ऐकत होते.

परत येताना भिगवणला रात्र झाली. जलाशय दिसला नाही. दादाजान खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मे महिन्यात सुट्टी कधी लागते रे तुम्हांला?"

शब्दार्थ

खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
जलाशय – पाण्याचा मोठा साठा
मोबदला – मुआवजा
मिठागर – मीठ पिकवण्याची जागा
सज्जा – भिंतीला लागून असलेली उंच गॅलरी

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मराठीच्या बाईंनी मुलांना कोणते काम दिले होते?
(आ) रोहित पक्ष्याच्या पिसांना गुलाबी रंग कशामुळे येतो?
(इ) नावाड्याच्या वडिलांनी जुन्या घरातून काय नेले?

प्र. 2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कोकणातील शेती आणि पुण्यापलीकडील शेती यांत मुलांना कोणता फरक दिसला?
(आ) नावाड्याला राग येतो, तरी तो पाण्याला वाईट का म्हणत नाही?

प्र. 3. घुमट–गुंबद याप्रमाणे मराठी व उर्दूत सारखे असणारे पाच शब्द पाठातून शोधून लिहा.

उपक्रम : तुमच्या शाळेच्या जागी पूर्वी काय होते, ते परिसरातील वृद्ध व्यक्तीला मराठीत विचारा व वहीत लिहा.