दिवाळीची खोकी, जूनमधला हिशेब

‘पळस्प्याच्या गोदामात सीझनचं पॅकिंगचं काम मिळतंय,’ असं मुलानं सांगितलं की पनवेलच्या बहुतेक घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘एवढं शिकून खोकीच भरायची का?’ प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. खोकी भरणारे हात सप्टेंबरात लागतात. किती हात लागतील, कोणत्या मापाची खोकी मागवायची आणि कोणतं मशीन ऐन वेळी दगा देईल, हे ठरवणारी माणसं मात्र जूनपासूनच कामाला लागलेली असतात. टिकणारी नोकरी या दुसऱ्या गटात आहे. त्या गटाकडे जाणारी वाट बऱ्याचदा पहिल्या गटातूनच जाते, हे मात्र पालकांना सहसा कुणी सांगत नाही.

तयारी कमी पडली तर काय होतं, याचा धडा ऑनलाइन विक्रीच्या धंद्याला ६ ऑक्टोबर २०१४ रोजी मिळाला. त्या दिवशी फ्लिपकार्टनं पहिला ‘बिग बिलियन डे’ भरवला. गिऱ्हाईक तुटून पडलं, संकेतस्थळ कोलमडलं, अनेकांच्या ऑर्डरी रद्द झाल्या आणि सचिन व बिन्नी बन्सल या संस्थापकांना ग्राहकांची लेखी माफी मागावी लागली. पुढच्या वर्षी हीच विक्री पाच दिवसांवर पसरली. लोकांच्या लक्षात राहिलं ते बंद पडलेलं संकेतस्थळ. पण संकेतस्थळ सुरळीत चाललं, तरी स्वीकारलेली प्रत्येक ऑर्डर कुणीतरी शोधून, तपासून, खोक्यात घालून, चिकटपट्टी लावून गाडीत चढवावी लागतेच.

पनवेलला हे काम शोधायला लांब जावं लागत नाही. न्हावा-शेवाचं बंदर १९८९ पासून चालू आहे. त्याच्या मागोमाग पळस्पे, आजिवली, कोन या पट्ट्यात कंटेनरची आवारं आणि गोदामं उभी राहिली. कळंबोलीतून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुटतो, तळोज्याला एमआयडीसी आहे, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. ऑनलाइन विक्रीच्या गोदामांचं राज्यातलं मोठं ठाणं आजही भिवंडीच आहे, हे विसरू नये. ॲमेझॉननं २०१३ मध्ये भारतातलं पहिलं गोदाम तिथेच उघडलं होतं. पण पनवेलच्या मुलानं शिकलेलं काम भिवंडीत, चाकणला किंवा नागपूरला तितकंच चालतं.

आता जूनमधला हिशेब पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, रीत मात्र खरी आहे. एका गोदामातून एरवी दिवसाला ४,००० पार्सलं जातात आणि सीझनला १२,००० जातील असा अंदाज आहे. एक पॅकर तासाला ४५ पार्सलं बांधतो. आठ तासांच्या शिफ्टमध्ये जेवण-चहा वजा जाता हातात सात तास उरतात, म्हणजे माणशी ३१५ पार्सलं. १२,००० ला ३१५ नं भागलं की ३९ माणसं. रोज दहा टक्के गैरहजेरी धरली तर हजेरीपटावर ४४ नावं लागतात. खोक्याचे फ्लॅप दुमडून टेप मारणारं मशीन मिनिटाला दहा खोकी सोडत असेल, तर सात तासांत ४,२०० होतात. तशी तीन मशीनं लागतील आणि तिन्ही दिवसभर चालली तरी जेमतेम ६०० खोक्यांची सवड उरते. एक मशीन एक तास बंद पडलं की ही सवड संपली. चौथं मशीन भाड्यानं घ्यायचं, दुसरी शिफ्ट लावायची की चार माणसांना हातानं टेप मारायला बसवायचं, हा निर्णय घेणाऱ्याला पगार मिळतो तो या विचाराचा. यातलं गणित सातवीतलं आहे, पण ते वेळेवर मांडणारा माणूस सहज मिळत नाही.

मशीनची दुरुस्ती हा याच हिशेबाचा दुसरा भाग. टेप कापणारं पातं बोथट झालं की टेप ओढली जाते आणि खोकं तिरपं सरकतं. लेबल प्रिंटरचं प्रिंट हेड झिजलं की बारकोडमध्ये पांढरी रेघ उमटते. ती माणसाच्या सहसा लक्षातही येत नाही, पण स्कॅनर पार्सल नाकारू शकतो. कन्व्हेयरचा पट्टा सैल, सेन्सरवर पुठ्ठ्याची धूळ, श्रिंक मशीनचा हीटर गेलेला, अशा कुरबुरी एरवी अर्ध्या तासात निस्तरतात. सेलच्या दुसऱ्या दिवशी तोच सुटा भाग पुण्याहून येईपर्यंत रांग लागते. म्हणून जाणता फिटर ऑगस्टमध्येच पाती, पट्टे, प्रिंट हेड कपाटात आणून ठेवतो आणि कोणता भाग किती दिवस टिकला याची वही ठेवतो.

त्यात कोकणचा पाऊस. पुठ्ठा हवेतली ओल शोषतो आणि दमट झालेल्या खोक्याची वजन पेलण्याची ताकद घटते. सीझनसाठी ऑगस्टमध्ये आलेला खोक्यांचा साठा सरळ जमिनीवर ठेवला, तर नवरात्रात थप्पीतली तळची खोकी बसतात. त्यामुळे साठा पॅलेटवर, भिंतीपासून दूर ठेवायचा आणि आधी आलेला आधी वापरायचा. खोक्याच्या मापातही पैसा लपलेला असतो. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० नं भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल, तर भाडं त्या आकड्यावर लावतात. एक किलोचा बुटांचा जोड ४० बाय ३० बाय २० च्या खोक्यात घातला तर भाडं ४.८ किलोचं, ३० बाय २० बाय १२ च्या खोक्यात घातला तर १.४४ किलोचं. कोणत्या वस्तूला कोणतं खोकं, हे ठरवणं हा एक पूर्ण व्यवसाय आहे.

माणसांची जुळवाजुळव मात्र कागदावर सुटत नाही. भरती वाढवायची असते त्याच सुमारास गणपती येतात आणि रायगड-रत्नागिरीची पोरं गावाला जातात. दिवाळी-छठला उत्तरेकडचे कामगार गाडी पकडतात. ज्या सणांमुळे ऑर्डरी वाढतात, तेच सण माणसं ओढून नेतात! नव्या माणसाचा हात बसायलाही काही दिवस जातात. चांगले सुपरवायझर म्हणूनच भरती आधी सुरू करतात, रजा आधीच लिहून घेतात आणि एका माणसाला दोन कामं शिकवून ठेवतात.

हे शहाणपण बाहेरून आलेलं नाही. शेजारच्या पेणचे मूर्तिकार परदेशी जाणाऱ्या गणेशमूर्ती सणाच्या कित्येक महिने आधी बांधतात, कारण बोटीचा प्रवास आठवड्यांचा असतो. नाजूक मूर्ती खोक्यात हलू नये म्हणून काय करायचं, हे तिथल्या कारखान्यांत पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या नातवाला चकल्या पाठवणाऱ्या आजीलाही खोक्यातली पोकळी भरण्याचं महत्त्व ठाऊक असतं.

आता शिक्षण. दहावीनंतर आयटीआयचे फिटर, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे ट्रेड या कामाला थेट लागू पडतात. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर शिकता येतं. डिप्लोमासाठी पेणला शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलच्या मुलांनी पीएलसीची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरची, ओळख करून घेतली तर पॅकिंग लाइनवर त्यांना मागणी राहते. विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठी अंधेरीची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतली ही संस्था १९६६ ची असून तिथला पॅकेजिंगचा पदव्युत्तर डिप्लोमा दोन वर्षांचा आहे. नेरूळला एसआयईएसचं पॅकेजिंगचं महाविद्यालय आहे. नेरूळ तर हार्बर लाइनवरच, आणि गोरेगाव लोकल पनवेलहून थेट अंधेरीला सोडते. या शिक्षणाचा उपयोग फक्त ऑनलाइन विक्रीत नाही. औषधं, खाद्यपदार्थ, सौंदर्यप्रसाधनं सगळ्यांनाच पॅकेजिंगचा माणूस लागतो. कॉमर्सच्या मुलांनी एक्सेल पक्कं करून साठा आणि मनुष्यबळाच्या नियोजनाकडे वळावं. तिथे पदवीच्या नावापेक्षा आकड्यांची सवय जास्त पाहिली जाते.

पालकांची काळजी मात्र हसण्यावारी नेऊ नये. सीझनची बरीचशी भरती ठेकेदारामार्फत होते आणि दिवाळीनंतर यादी आखडते. काम शारीरिक आहे, दिवसभर उभं राहावं लागतं, रात्रपाळी असते. मुलीला रात्रपाळी असेल तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत ने-आण हे कायद्याचं बंधन आहे, मालकाची मेहरबानी नव्हे. नेमणुकीचा कागद मिळतो का, जादा तासांचा दर दुप्पट आहे का, पीएफचा यूएएन क्रमांक आला का, हे पहिल्या आठवड्यातच विचारावं. महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला ईएसआयसीचं कार्डही मिळायला हवं. कामाला लावण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याकडे फिरकू नये. आणि कॉलेज सोडून सीझन करायचा असेल, तर तो न केलेला बरा. दुसऱ्या वर्षाची परीक्षा कुठलंही गोदाम भरून देत नाही.

सुट्टीत किंवा पदवीनंतर करणाऱ्यानं मात्र दिवस भरून मोकळं होऊ नये. टेप मारायला उभं केलं असेल तर मशीन बंद पडल्यावर फिटर काय उघडतो ते पाहावं. दिवसाला किती पार्सलं झाली, कुठे अडली, याची स्वतःची नोंद ठेवावी. दिवाळीनंतर परत आलेल्या मालाचा ढीग लागतो. तो उघडून वस्तू पुन्हा विकण्याजोगी आहे की नाही हे ठरवायला सावध नजरेची माणसं हवी असतात, आणि यादी आखडताना काही जण त्यासाठीच थांबवले जातात. ज्यांना थांबवलं नाही त्यांनी निघण्यापूर्वी अनुभवाचं पत्र मागून घ्यावं. त्यात कामाच्या तारखा आणि हाताळलेल्या मशीनची नावं असावीत. नुसतं ‘पॅकर म्हणून काम केले’ एवढं लिहिलेलं असेल, तर ते तिथल्या तिथे बदलून घ्यावं.