सोशल मीडियावर विम्याचे काम: खर्च किती, परवानगी कुणाची, फसगत कुठे

तुम्ही विमा एजंट आहात आणि ‘महिन्याला पन्नास लीड’चे पॅकेज विकायला कुणीतरी तुमच्या दारात उभे आहे. पैसे देण्याआधी क्रम ठरवून घ्या. आधी एक कागद हातात हवा. मग जुन्या ग्राहकांची सेवा, कारण तिला जवळजवळ खर्चच नाही. पैसे देऊन जाहिरात अगदी शेवटी.

तो कागद

म्हणजे कंपनीची लेखी मंजुरी. एजंटाने कंपनीच्या पॉलिसीची जाहिरात केली तर ती कंपनीने आधी लेखी मंजूर केलेली असावी, असा विमा नियामकाचा (आयआरडीएआय) नियम आहे. व्हॉट्सॲप स्टेटस, रील, फेसबुक पोस्ट, यूट्यूब व्हिडिओ या सगळ्या जाहिरातीच. ‘स्टेटस तर चोवीस तासांत जाते’ हे कारण चालत नाही. स्क्रीनशॉट राहतो.

मंजुरी मागायची शाखेकडे, विकास अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट ईमेलने. सोबत पूर्ण मजकूर, चित्र, ते कुठे लावणार आणि किती दिवस, एवढे जोडा. तोंडी ‘लाव की, काही होत नाही’ला काही किंमत नाही, ईमेलचे उत्तर जपून ठेवा. मंजुरीसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. उत्तराला वेळ लागतो, म्हणून महिन्याभराच्या पोस्ट एकदम पाठवा. त्याहून सोपे म्हणजे कंपनीच्या एजंट ॲपमध्ये तयार पोस्टर मिळतात का ते पाहा. बऱ्याच कंपन्या ती देतात. त्यावर फक्त तुमचे नाव आणि नंबर टाकायचा, बाकी मजकुराला हात लावायचा नाही.

दुसऱ्याने पाठवलेले पोस्टर पुढे ढकलू नका. ‘कन्यादान पॉलिसी’ घ्या. रोज अमुक रुपये भरा, मुलीच्या लग्नाला तमुक लाख मिळवा, अशी चित्रे वर्षानुवर्षे फिरत आहेत. या नावाची आपली कोणतीही पॉलिसी नाही, असे एलआयसीने जाहीरपणे सांगितले आहे. दोन-तीन वेगळ्या योजनांची मोट बांधून कुणीतरी ते नाव दिले, आणि खाली नंबर मात्र तुमचा जातो. तक्रार आली की तीही तुमच्याच नावावर येते.

पोस्टमध्ये सूट, कमिशनमधला वाटा किंवा ‘पहिला हप्ता आमच्याकडून’ असे काही लिहू नका. विमा कायदा 1938 च्या कलम 41 प्रमाणे ग्राहकाला असे आमिष दाखवणे बेकायदा आहे आणि 2015 च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा 10 लाख रुपयांपर्यंत गेली. असे लिहिणे म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच भिंतीवर चिकटवणे. युलिपच्या परताव्याचे वचन देऊ नका. बाजाराची जोखीम ग्राहकाची असते हे त्याच पोस्टमध्ये दिसले पाहिजे. ‘80सी मध्ये सूट’ लिहिलेत तर ‘फक्त जुन्या करप्रणालीत’ हेही लिहा, कारण नव्या प्रणालीत ती मिळत नाही. नियामकाचे बोधचिन्ह तर कुठेच वापरू नका.

फुकटात होणारे काम

व्हॉट्सॲप बिझनेस ॲपला शुल्क नाही. ग्राहकांकडे वर्षानुवर्षे असलेला नंबरच त्यावर न्या. नवा घेतलात तर निम्मे लोक तुम्हाला ओळखणार नाहीत. चॅटचा बॅकअप घेऊन नंबर हलवायला अर्धा-पाऊण तास पुरतो. मग लेबले करा: ‘हप्ता जून’, ‘मॅच्युरिटी’, ‘लॅप्स’, ‘नॉमिनी बाकी’. झटपट उत्तरांत नेहमीचे चार संदेश भरून ठेवा.

ग्राहकांचा ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, एकाने तक्रार लिहिली की दोनशे जण वाचतात, आणि दुसरा एजंट तिथूनच नंबर उचलतो. ब्रॉडकास्ट यादी वापरा. एका यादीत 256 जण बसतात. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो, म्हणून पॉलिसी हातात देताना ग्राहकाच्या फोनमध्ये तुमचा नंबर तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या.

हप्त्याची आठवण ही तुमच्या हातातली सगळ्यात मोलाची पोस्ट. ती ग्राहकाच्या नावाने, एकेकट्याला पाठवा. नमुना असा:

‘नमस्कार काका, तुमच्या आयुर्विम्याचा वार्षिक हप्ता 12 जूनला आहे. त्यानंतर 30 दिवसांची सवलत असते, पण तोवर थांबू नका. पैसे कंपनीच्या ॲपवर किंवा शाखेतच भरा. मी ओटीपी मागणार नाही. अडचण आली तर फोन करा.’

मासिक हप्ता असेल तर सवलत 15 दिवसांची. वार्षिक, सहामाही आणि तिमाहीला 30. ‘ओटीपी मागणार नाही’ हे वाक्य प्रत्येक संदेशात ठेवा. उद्या तुमच्या नावाने कुणी ओटीपी मागितला तर हेच वाक्य ग्राहकाला थांबवेल.

हप्त्याचे पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. ग्राहकाने आग्रह केला तरी नाही. एजंटाने कंपनीसाठी घेतलेला हप्ता चोवीस तासांत, बँक आणि टपालाच्या सुट्ट्या वगळून, कंपनीकडे पोचवावा असे कलम 64व्हीबी सांगते. आणि पैसे कंपनीकडे पोचायच्या आत माणूस गेला तर त्या घराला काय सांगाल? एलआयसीचे ग्राहक असतील तर त्यांना 8976862090 हा कंपनीचा अधिकृत व्हॉट्सॲप नंबर द्या. आधी एलआयसीच्या पोर्टलवर पॉलिसी नोंदवावी लागते, मग ‘हाय’ पाठवले की हप्ता, बोनस, कर्जाची पात्रता हे कळते. काकांना पोर्टलवरची नोंदणी स्वतः बसून करून द्या. वीस मिनिटांच्या त्या कामाने जो विश्वास बसतो तो कुठल्याही जाहिरातीने बसत नाही.

नवे ग्राहकही यातूनच येतात. लोकांना उपयोगी पडेल ते लिहा, पॉलिसीचे नाव न घेता. मे महिन्यात लिहा की बँक खात्यातून जीवनज्योतीचे 436 आणि सुरक्षा विम्याचे 20 रुपये कापले जातील, खात्यात तेवढी शिल्लक ठेवा. दोन्हीत 2 लाखांचे संरक्षण आहे. यात तुमचे कमिशन नाही, तरी लिहा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, हे अजून अनेकांना ठाऊक नाही. नवी पॉलिसी पटली नाही तर 30 दिवसांत परत करता येते, हेही सांगा. स्वतःची विक्री परत जाण्याची वाट दाखवणारा एजंट लोकांच्या लक्षात राहतो. कॅशलेसच्या परवानगीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत, हा 2024 पासूनचा नियम एका चित्रावर लिहून ठेवा. दवाखान्याच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला तो हवा असतो. एमडीआरटीच्या सत्काराचा फोटो त्याच्या काही कामाचा नाही.

क्लेमच्या चेकचा फोटो

हा प्रकार बंद करा. दारात मंडप, हातात पुठ्ठ्याचा भलामोठा चेक, त्यावर रक्कम आणि नाव, शेजारी तुम्ही, आणि मध्ये दोन आठवड्यांपूर्वी नवरा गेलेली बाई. रक्कम एनईएफटीने आधीच खात्यात गेलेली असते. पुठ्ठा फक्त फोटोसाठी छापलेला असतो. त्या फोटोने सगळ्या तालुक्याला कळते की या घरात आता एवढे लाख आहेत. त्यानंतर तिच्याकडे कोण कोण येते, याचा विचार करा: उसने मागणारे नातेवाईक, दामदुप्पटवाले, फोनवरचे ठग. दुःखातल्या माणसाने मान हलवली म्हणजे संमती झाली असे नाही. सांगायचेच असेल तर नाव, गाव, फोटो, आकडा वगळून लिहा: कोणती कागदपत्रे लागली, किती दिवस लागले, काय अडले. वाचणाऱ्याला तेच हवे असते.

ग्राहक आधार, पॅन, रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवरच पाठवतात. ते आपोआप तुमच्या गॅलरीत, मुलांच्या फोटोंशेजारी जाऊन बसतात. सेटिंगमध्ये ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा, टू-स्टेप पिन लावा, बॅकअप एन्क्रिप्ट करा. कागद कंपनीच्या ॲपवर चढला की चॅटमधून पुसा. आधार मागताना मास्क केलेला मागा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सवय आत्ताच लावून घ्या.

पैसे जिथे जातात

फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर 18 टक्के जीएसटी आहे. 5,000 ची जाहिरात तुम्हाला 5,900 ला पडते. करासह 1,000 रुपये दिलेत तर जाहिरातीला साधारण 847 च उरतात. दुकानदार हा कर पुढे वजा करून घेतो. तुम्हाला बहुधा जमणार नाही. एजंटाच्या कमिशनवरचा जीएसटी रिव्हर्स चार्जने कंपनी भरते, त्यामुळे बहुतेक एजंटांकडे जीएसटी नंबर नसतो आणि हे 18 टक्के सरळ खिशातून जातात. पॅकेजवाला हे सांगत नाही. त्याच्या कागदावर ‘कर वेगळा’ बारीक अक्षरात असते.

पोस्ट बूस्ट करताना आयफोनचे ॲप वापरू नका. त्यातून केल्यास ॲपलचे 30 टक्के सेवाशुल्क वर लागू शकते. संगणकाच्या किंवा फोनच्या ब्राउझरमधून करा. आधी पैसे भरून, म्हणजे यूपीआयने प्रीपेड, चालवा. शिल्लक संपली की जाहिरात थांबते. कार्ड जोडून शेवटची तारीख टाकायला विसरलात तर पैसे जातच राहतात. तुम्ही बार्शीला बसत असाल तर बार्शीभोवतीचा टापूच निवडा. आकडा फुगवायला पुणे-मुंबई जोडू देऊ नका. फॉर्ममध्ये नाव, फोन, गाव एवढेच विचारा. पॉलिसी नंबर, आजार, आधार, पॅन नाही. यातली बरीचशी माहिती पूर्वपरवानगीशिवाय मागायला मेटाचीही मनाई आहे.

हिशेब लीडवर नव्हे, पॉलिसीवर करा. समजा 5,900 रुपयांत 60 फॉर्म आले, 20 जणांनी फोन उचलला आणि दोघांनी पॉलिसी घेतली. म्हणजे एका पॉलिसीमागे 2,950 रुपये. त्या पॉलिसीचे पहिल्या वर्षीचे कमिशन याहून कमी असेल तर जाहिरात बंद करा. ‘लीड फक्त 98 रुपयांना’ हे वाक्य ऐकायला गोड असते, पण त्याने घर चालत नाही.

व्हॉट्सॲपचे मोठे व्यासपीठ, ज्याला एपीआय म्हणतात, हजारो संदेश पाठवणाऱ्यांसाठी आहे. जुलै 2025 पासून त्याचा दर संदेशागणिक लागतो: भारतात मार्केटिंगचा संदेश रुपयाच्या आत, हप्त्याच्या आठवणीसारखा सेवासंदेश त्याहून बराच स्वस्त. ग्राहकाने आधी लिहिले तर चोवीस तासांच्या आतल्या उत्तराला शुल्क नाही. खरा खर्च मधल्या पुरवठादाराचा असतो: मासिक भाडे, संदेशामागे त्याची भर, शिवाय जीएसटी. दोन-तीनशे ग्राहक असतील तर याची गरजच नाही.

निळी टिकही घाईने घेऊ नका. 2024 मध्ये भारतात व्यवसायांसाठी मेटा व्हेरिफाइड आले तेव्हा एका ॲपला दर महिना 639 रुपयांपासून होता. वर्षाचे साडेसात हजारांच्या पुढे गेले. गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. ‘गुगलमधून बोलतोय, लिस्टिंगचे पैसे भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळे तिचे हजारो रुपये घेतात. संकेतस्थळ काढायचेच असेल तर पहिल्या वर्षाचा नव्हे, नूतनीकरणाचा दर विचारा.

विकत मिळणारा ‘दोन लाख लोकांचा डेटा’ घेऊ नका. त्या लोकांनी तुम्हाला संमती दिलेली नाही. वैयक्तिक नंबरवरून प्रचाराचे फोन केलेत तर 1909 वर तक्रार जाते आणि नंबर बंद होऊ शकतो. ज्या नंबरवर तुमचे सगळे ग्राहक आहेत, तोच.

एजन्सी नेमणारच असाल तर चार गोष्टी लेखी घ्या: जाहिरातीचा खर्च आणि त्यांची फी वेगवेगळी, पोस्टची संख्या, सोडायची मुदत, आणि पेजची मालकी. पेज स्वतःच्या खात्यावरून काढा आणि त्यांना फक्त काम करण्यापुरता अधिकार द्या. पेज एजन्सीच्या नावावर असेल तर वेगळे होताना फॉलोअर, चॅट, फॉर्म सगळे त्यांच्याकडे राहते. एखादा इन्फ्लुएन्सर घेतलात तर ‘जाहिरात’ असे ठळक दिसले पाहिजे; विम्याचा सल्ला देणाऱ्याकडे त्याची पात्रता हवी, असे जाहिरात मानक परिषदेने ऑगस्ट 2023 मध्ये सांगितले आहे. रीलमागे सिनेमाचे गाणे टाकू नका, बिझनेस खात्याला दिलेल्या संग्रहातलेच संगीत वापरा.

तुमच्या नावाचे बनावट पेज दिसले तर त्याचा दुवा आणि स्क्रीनशॉट घ्या, पेज रिपोर्ट करा, शाखेला ईमेल करा आणि त्याच दिवशी ब्रॉडकास्टवर ग्राहकांना कळवा. कुणाचे पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 वर फोन करायला लावा, मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. तो फोन करताना ग्राहकाच्या शेजारी थांबा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँकेचे नाव विचारतात.