दुसऱ्या नावाने लिहू नकोस

भुशी, आषाढ

चि. ओंकार,

परवा सईचा फोन आला आणि माझा जीव खालीवर झाला. म्हणाली, "दादाला विकिपीडियावर अडवलंय. आता तो व्हीपीएन लावून दुसऱ्या नावाने लिहिणार आहे." तुझी आई म्हणते, दोन दिवसांत विसरेल. मला तसं वाटत नाही, तुझा स्वभाव मी ओळखते. अडवलं याचं मला काही नाही. दुसऱ्या नावाने लिहिणार, या एका वाक्याचा मी धसका घेतलाय.

आधी सांग, समोर आलेली सूचना शेवटपर्यंत वाचलीस का? की आपल्या घरच्या रीतीप्रमाणे पहिल्याच ओळीला डोक्यात राख घालून घेतलीस? सईने मला स्क्रीनशॉट पाठवला. त्यात तुझं नाव कुठेच नाही. अडवलाय तो आयपी पत्ता. तुमच्या वसतिगृहाच्या वायफायवरची सगळी पोरं त्याच पत्त्याने बाहेर पडतात. त्यातल्या कुणीतरी कुठल्याशा पानावर धुडगूस घातला असणार, आणि सुक्याबरोबर ओलंही जळलं.

मग तू खोटं नाव का घ्यायचं? बंदी चुकवायला दुसरं खातं उघडणं हा तिथे वेगळाच अपराध धरतात. तपासणीचा अधिकार असलेली मंडळी अशी खाती जुळवून काढतात. व्हीपीएनचे कितीतरी पत्ते तर आधीच बंद करून ठेवलेले असतात, कारण उपद्रवी लोक त्यांच्याच आडून येतात. आज तू निर्दोष आहेस. दुसऱ्या नावाने एक ओळ लिहिलीस की तसं म्हणायची सोय राहणार नाही.

त्यापेक्षा असं कर. कुणी, कशासाठी आणि किती काळ अडवलंय, ते सूचनेत असतं. ते उतरून घे. आपल्या नेहमीच्या खात्याने आत जा; पुष्कळदा पत्ता बंद असला तरी नोंदलेल्या सदस्याला लिहिता येतं. तेही अडलं, तर बहुतेक वेळा स्वतःचं चर्चापान उघडं असतं. तिथे चार ओळींची विनंती लिही: वायफाय वसतिगृहाचं आहे, झालेला उपद्रव माझा नाही, मला भुशी धरणाच्या पानावर काम करायचं आहे, माझी आधीची संपादनं पाहावीत. प्रत्येक बदलाची नोंद तिथे राहते, तीच तुझी साक्ष. कुणाची कागाळी नको, अन्यायाचं गाऱ्हाणं नको. मराठी विकिपीडिया नोकरी-संसार सांभाळून विनामोबदला राबणाऱ्यांच्या जिवावर चालतो. बंदी घालणारे-उठवणारे प्रचालकही त्यांच्यातलेच. उत्तराला उशीर झाला तर थांब.

इतकं का लावून धरते, ते सांगते. माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, रेल्वेत होते, वाफेच्या इंजिनांच्या काळात. भुशीचं धरण रेल्वेने इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलं, एवढं कुठेही वाचायला मिळतं. पण इथले कामगार कुठे राहायचे, ऐन पावसात घाटात काय हाल व्हायचे, हे आजोबांच्या तोंडी होतं. विशीत मी त्यावर लेख लिहिला. एका मासिकाने परत पाठवला, आधार काय म्हणून विचारलं. मी रुसले ते पुन्हा लेखणी धरलीच नाही. आजोबा गेले, त्यांच्याबरोबर ते सगळं गेलं. आधार मागणं म्हणजे नकार नव्हे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. म्हणून तुला सांगतेय.

३० जून २०२४ ला धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतरच तू धरणाच्या पानावर लिहायला बसलास, हे मी विसरलेले नाही. वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी किती झपाट्याने चढतं, हे इथल्या पोराला कळतं, पाहुण्याला कळत नाही. बातमीचा संदर्भ देऊन तू ते नीट लिहिलंस, तर वाचणारा कुणीतरी काठावरच थांबेल. असं लिहिणाऱ्याने लपून का लिहावं?

फार बोलले, राजा. न केलेल्या गोष्टीची शिक्षा कडूच लागते. तुझ्या जागी मीही रडले असते. अख्ख्या वसतिगृहात गावच्या धरणासाठी रात्र जागवणारा तू एकटाच असशील, याचा मला किती अभिमान आहे, ते समोर कधी बोलता आलं नाही.

विनंती लिहून झाली की पाठवायच्या आधी मला फोनवर वाचून दाखव. नाहीच मानली, तर शनिवारी सकाळच्या लोकलने इकडे ये. घरच्या नेटवर तुझ्याच खात्याने लिही. त्यात लपवाछपवी नाही, कारण तुला कुणी अडवलेलंच नाही. आणि लिहायचं नसेल, नुसतं झोपायचं असेल, तरी ये.

तुझी,
आत्या