वाघाचा टी-शर्ट : चूक चित्रात की विषयात?



ऑक्टोबरमध्ये वन्यजीव सप्ताह आला की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाळांत चित्रस्पर्धा ठरलेलीच. यंदा मी मुलांना कागदावर टी-शर्टचा आकार दिला आणि विषय दिला, ‘वाघ वाचवा’. त्याआधी एक तास फक्त चुका शोधण्याचा घेतला. तुम्हीही घेऊन पाहा. घरातला वाघाचं चित्र असलेला एखादा टी-शर्ट पुरेसा आहे.

१. चित्र पाहा. डोळ्यातली बाहुली उभ्या रेघेसारखी आहे का? ती मांजरीची, वाघाची गोल असते. दोन्ही बाजूंचे पट्टे हुबेहूब सारखे आहेत का? खऱ्या वाघाचे तसे नसतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, म्हणून तर कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून वाघ ओळखता येतात. मागे झाड कोणतं? ताडोब्यात साग, बांबू, मोह. मग टी-शर्टवर नारळ कुठून आला?

२. अक्षरं पाहा. दहा पावलांवरून वाचता येतात का? पहिली वेलांटी सरकून पुढच्या अक्षरावर तर गेली नाही? रंग किती? स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. रंग वाढले की खर्चही वाढतो.

३. विषय पाहा. इथे चूक माझी निघाली. बहुतेक मुलांनी मोबाईलवरून उतरवलेला वाघाचा चेहराच काढला. एका मुलीचा कागद कोराच होता. विचारलं तर म्हणाली, “मॅडम, माय पहाटे मोहा वेचाले जाते. वाघ वाचवा लिहू, पण मायचं काय?”

मी गप्प झाले. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता. दोन्ही कामं रानात, वाकून करायची. याच दिवसांत वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या येतात. माझ्या विषयात वाघ होता, पण जंगलावर जगणारा माणूस नव्हता. चित्रं एकसारखी आली, कारण विषयातच मुलांना स्वतःचं सांगायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी विषय बदलला : ‘पहाटे आमच्या रानात कोण कोण असतं?’ आता टोपल्या आल्या, रानडुक्कर आलं, शेकरू आलं, सायकलवरचे बाबा आले. त्या मुलीने मोहाचं झाड काढलं, खाली टोपली, आणि टोपलीशेजारी वाघाच्या पंजाचा एक ठसा. दोनच रंग. एकही अक्षर नाही. वर्गात सगळ्यांना कळलं.

तेव्हा स्पर्धा ठेवण्याआधी विषय कागदावर लिहा आणि स्वतःलाच विचारा : इंटरनेट न बघता माझ्या गावातलं मूल यावर काही काढू शकेल का? ‘वाघ वाचवा’ लिहिताना आपण कुणाला वगळतोय का? उत्तर पटलं नाही, तर मुलांचे गुण कापू नका. विषय बदला.