फुटलेले जहाज तरंगले कसे?

प्रश्न : जुन्या तिकिटांच्या वहीत माल्टाचे 1992 चे तिकीट सापडले. त्यावर एक पदक आणि 'ओहायो' नावाचे तेलवाहू जहाज आहे. हे पदक जहाजाला मिळाले होते का? आणि टॉर्पेडो लागूनही तेलाने भरलेले हे जहाज जळून बुडाले कसे नाही?

उत्तर : दुसरी शंका आधी घेऊ, तिच्यात खरी गंमत आहे.

1942 साली भूमध्य समुद्रातले माल्टा हे ब्रिटिशांचे बेट जर्मन आणि इटालियन बॉम्बहल्ल्यांनी जेरीस आले होते. पाणी उपसायला, पाव भाजायला, पाणबुड्या चालवायला इंधन हवे, आणि ते सगळे बाहेरून यायचे. जूनमध्ये पाठवलेले 'केंटकी' हे तेलवाहू जहाज वाटेतच गमावले. म्हणून ऑगस्टमध्ये 14 व्यापारी जहाजांचा तांडा युद्धनौकांच्या पहाऱ्यात निघाला. त्यात तेलवाहू जहाज एकच, 'ओहायो'. ते मूळचे अमेरिकेच्या टेक्साको कंपनीचे. ब्रिटिशांनी ते मागून घेतले, खलाशी आपले चढवले, नाव तेच ठेवले. कप्तान होते डडली मेसन.

या जहाजात विमानांचे पेट्रोल होते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. पेट्रोल डब्यांत भरून इतर जहाजांवर ठेवले होते. त्यांतले 'वायमरामा' बॉम्ब पडताच स्फोट होऊन पेटले आणि आसपासचा समुद्रही जळू लागला. 'ओहायो'त मुख्यतः रॉकेल आणि इंजिनांसाठीचे जड तेल होते. पंपाचा स्टोव्ह पेटवणाऱ्यांना माहीत आहे, बर्नर तापल्याशिवाय रॉकेल नीट पेट घेत नाही. 12 ऑगस्टला 'अक्सुम' या इटालियन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला तेव्हा 'ओहायो'वरही आग भडकली, पण खलाशांना ती विझवता आली.

आता बुडण्याचे. टॉर्पेडोने पाडलेले भगदाड सुमारे 24 फूट बाय 27 फूट होते. साध्या मालवाहू जहाजाच्या कोठारात मालाच्या फटींतून हवा असते. भोक पडले की हवेच्या जागी पाणी शिरते आणि जहाजाचे वजन एकदम वाढते. तेलाची टाकी मात्र आधीच भरलेली असते. पाणी आले तरी ते तेलाचीच जागा घेते, आणि तेल पाण्यापेक्षा थोडेच हलके असल्याने वजनात फार फरक पडत नाही. शिवाय पोटात अनेक वेगवेगळ्या टाक्या असतात. एक फुटली म्हणून सगळ्या जात नाहीत. ज्या मालामुळे शत्रू मागे लागला होता, त्याच मालाने जहाजाला तोलून धरले.

तरी हाल संपले नव्हते. एक पाडलेले बॉम्बफेकी विमान डेकवर येऊन आदळले. पुढच्या बॉम्बांनी इंजिने बंद पडली. खलाशी उतरवावे लागले, ते परत चढले. ओढून न्यावे तर मोडके जहाज सरळ चालेना. शेवटी विनाशिका दोन्ही बाजूंना दोरखंडांनी घट्ट बांधून ते पुढे रेटले. पेन, लेडबरी आणि ब्रॅमहॅम या तीन विनाशिकांनी हे काम केले. माझ्या मते तिकिटावर चित्र हवे ते याच कष्टांचे.

15 ऑगस्टला, सांता मारियाच्या सणादिवशी, 'ओहायो' व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बरमध्ये आले. माल्टाचे लोक या तांड्याला आजही सांता मारियाचा तांडा म्हणतात. 14 पैकी 5 जहाजे पोहोचली होती. तेल उपसून घेतले आणि जहाज बंदराच्या तळाला टेकले. पुढे त्याचे दोन तुकडे झाले आणि 1946 मध्ये ते खोल समुद्रात नेऊन बुडवले.

राहिले पदक. तिकिटावर दोन्ही शेजारी असल्याने गैरसमज होणे स्वाभाविक आहे. ते जॉर्ज क्रॉस आहे आणि राजे सहावे जॉर्ज यांनी ते साऱ्या माल्टा बेटाला दिले, तेही 15 एप्रिल 1942 रोजी, म्हणजे 'ओहायो' पोहोचण्याच्या चार महिने आधी. 1992 चे तिकीट त्या सन्मानाच्या पन्नाशीचे आहे. माल्टाच्या झेंड्यावर वरच्या कोपऱ्यात तेच पदक दिसेल. जहाजाला पदक मिळाले नाही. कप्तान मेसन यांना मात्र या सफरीसाठी स्वतंत्र जॉर्ज क्रॉस मिळाला.