सुगरणीची घरटी किती? अंदाज असा काढावा

बाजरी निसवू लागली की शिवारात एकच तक्रार ऐकू येते, "यंदा पाखरे फार." फार म्हणजे किती, हे मात्र कोणी सांगत नाही. राखणीला एक माणूस ठेवावा की दोन, एवढे ठरविण्यासाठी तरी शेतकरी बंधूंनी घरट्यांची मोजदाद करून पाहावी. वही, पेन्सिल आणि सकाळचे दोन तास पुरतात.

सुगरणीची वीण पावसाळ्यात होते. तिची घरटी शिवारभर सारखी विखुरलेली नसतात. ओढ्याकाठची बाभूळ, शिंदी, विहिरीवर झुकलेली फांदी अशा जागी ती घोळक्याने लटकतात. म्हणून एका एकरातील घरटी मोजून त्यांना गावच्या एकरांनी गुणू नये. त्या एकरात विहीर आली तर अंदाज भलताच फुगेल, नाही आली तर शून्य! होल्यासारख्या विखरून घरटी करणाऱ्या पक्ष्यांना ती रीत ठीक आहे. सुगरणीसाठी शिवाराचा कच्चा नकाशा काढावा, त्यावर सर्व विहिरी, ओढे व शिंदी दाखवाव्यात आणि प्रत्येक ठिकाणी जाऊन यावे.

दाट बाभळीत एकट्याच्या नजरेतून काही घरटी सुटतातच. तेथे दोघांनी, एकमेकांना न सांगता, वेगवेगळी मोजणी करावी. प्रत्येकाने झाडाचे चित्र काढून घरट्याच्या जागी खूण करावी. समजा, तुम्हाला २० घरटी दिसली, मुलाला १५, आणि चित्रे ताडून पाहता १२ घरटी दोघांनाही दिसलेली निघाली. २० ला १५ ने गुणून १२ ने भागा; उत्तर २५. दोघांनी मिळून पाहिली २३, म्हणजे दोन सुटली असावीत. पानांआड कोणालाच न दिसणारी घरटी मात्र या हिशेबातही धरली जात नाहीत.

मोठी चूक होते ती पुढेच. घरटे म्हणजे जोडपे नव्हे. नर एकामागून एक घरटी विणायला घेतो. अर्धवट, टोपीसारखे घरटे मादीला पसंत पडले, तरच ते पूर्ण होऊन खाली लांब नळी येते. नाही तर तसेच लोंबकळत राहते. डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळ किहीम येथे या पक्ष्याचे असेच निरीक्षण केले होते. तेव्हा नळीची घरटी वेगळी मोजावीत. २५ पैकी १० नळीची असतील, तर वीण फार तर दहा माद्यांची. रंगावर जाऊ नये, कारण हिरवे पातेही थोड्या दिवसांत वाळते. जुन्या घरट्याची शंका आल्यास दूर बसून मादीची ये-जा होते का, ते पाहावे.

अंडी घातल्यापासून पिलू उडेपर्यंत साधारण महिना जातो. त्यामुळे मोजणी दर पंधरवड्याला करावी आणि आधीच्या चित्रावरच नवी घरटी वाढवावीत. या काळात पिलांच्या चोचीत अळ्या आणि नाकतोडे पडत असतात, हे ध्यानात घेऊन घरटी पाडण्याच्या भानगडीत पडू नये. राखणीची खरी गरज दाणा चिकात आल्यावर लागते.

विहिरीवरील घरटी समोरच्या काठावरून मोजावीत. ओणवे होऊन पाहू नये.