निकाल एक, शब्द अनेक

परीक्षेचा निकाल लागतो, कुस्तीचा निकाल लागतो आणि न्यायालयातील खटल्याचाही निकालच लागतो. मराठीत हा एक शब्द अनेक ठिकाणी चालतो आणि ऐकणाऱ्यास प्रसंगावरून अर्थ कळतो. इंग्रजीत मात्र ठिकाण बदलले की शब्दही बदलावा लागतो. डिसिजन, व्हर्डिक्ट, सेन्टन्स, जजमेंट व डिक्री हे शब्द सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. पण एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

डिसिजन म्हणजे निर्णय. तो कोणीही घेऊ शकतो. मुलाला कोणत्या शाळेत घालावे हे आईवडील ठरवितात, तो निर्णय होय. १९३० साली सोलापूरच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रीय ध्वज फडकविण्याचे ठरविले, तोही निर्णयच. निर्णय घेण्यास न्यायाधीशच असावा लागतो असे नाही.

व्हर्डिक्टचे तसे नाही. या शब्दाच्या मुळाशी जे लॅटिन शब्द आहेत, त्यांचा अर्थ 'खरे बोललेले' असा आहे. पूर्वी आपल्याकडील मोठ्या फौजदारी खटल्यांत नागरिकांतून निवडलेले पंच बसत. त्यांना ज्यूरी म्हणत. साक्षीपुरावा ऐकून आरोपी दोषी आहे की निर्दोष, एवढेच त्यांनी सांगावयाचे असे. त्यांचा हा कौल म्हणजे व्हर्डिक्ट. दोषी ठरलेल्यास किती शिक्षा द्यावी, हे सांगणे न्यायाधीशाचे काम. त्या शिक्षेला सेन्टन्स म्हणतात. शाळेत ज्या शब्दाचा अर्थ 'वाक्य' असा शिकवितात, तोच शब्द न्यायालयात माणसाचे आयुष्य बदलून टाकतो.

या दोन शब्दांतील अंतर लोकमान्य टिळकांच्या खटल्यात स्पष्ट दिसते. 'केसरी'तील लेखांबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप होता. १९०८ सालच्या जुलै महिन्यात मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला चालला. ज्यूरीत नऊ जण होते. त्यांपैकी सातांनी टिळकांना दोषी ठरविले, दोघांनी निर्दोष म्हटले. हा झाला व्हर्डिक्ट. शिक्षा अद्याप सुनावली गेली नव्हती. काही सांगावयाचे आहे काय, असे टिळकांना विचारण्यात आले. तेव्हा ज्यूरीचा कौल काहीही असला तरी आपण निर्दोष आहोत आणि या न्यायालयाहून श्रेष्ठ अशी शक्ती जगात आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. त्यानंतर न्यायमूर्तींनी सहा वर्षे काळ्या पाण्याची आणि एक हजार रुपये दंडाची शिक्षा सांगितली. हे झाले सेन्टन्स. कौल आणि शिक्षा यांच्यामधल्या त्या अवधीतच टिळकांचे ते तेजस्वी शब्द उच्चारले गेले. १९५६ साली ते शब्द त्याच न्यायालयात शिलेवर कोरून लावण्यात आले.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान राहिले नाही. आता दोष ठरविणे व शिक्षा देणे ही दोन्ही कामे न्यायाधीशच करतात. तरी ती दोन कामे आहेत, हे विसरू नये. निकाल कोणत्या कारणांनी दिला हे न्यायाधीश सविस्तर लिहितात. ते निकालपत्र म्हणजे जजमेंट. दोन शेजाऱ्यांत भिंतीवरून वाद झाला, तर तो दिवाणी दावा होतो. तेथे कोणी गुन्हेगार नसतो. कोणाचा हक्क कोणता, एवढेच ठरते. त्या निवाड्याप्रमाणे निघतो तो हुकूमनामा, म्हणजेच डिक्री. म्हणून दिवाणी दावा हरलेल्यास 'दोषी ठरला' म्हणणे चूक आहे.

त्याहून मोठी चूक 'सुटला' या शब्दाने होते. जामिनावर सुटलेल्या माणसाचा खटला संपलेला नसतो. दोषमुक्त झालेल्या माणसावरचा आरोप सिद्ध झालेला नसतो. दया मिळालेल्या माणसाची शिक्षा माफ किंवा कमी होते. पण निकाल उलटत नाही. तिघेही 'सुटले' असे बोलण्यात येते. परंतु तिघांची स्थिती भिन्न आहे. तसेच, निकाल लागण्यापूर्वी आरोपीला गुन्हेगार म्हणणे हा केवळ भाषेचा दोष नव्हे. तो त्या माणसावर अन्याय आहे.

शब्दांचे हे वजन सोलापूरने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर शहरात प्रक्षोभ उसळला, गोळीबार झाला आणि पुढे लष्करी कायदा पुकारण्यात आला. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांवर पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून खटला भरला गेला. त्यांना देहान्ताची शिक्षा झाली आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. सरकारी दप्तरात चौघांपुढे 'दोषी' असा शब्द लिहिला गेला. सोलापूरकरांनी मात्र त्यांना 'हुतात्मा' म्हटले. शहराच्या चौकात त्यांचे पुतळे उभे आहेत आणि १२ जानेवारीला सोलापूर त्यांना वंदन करते.

न्यायालयाचा शब्द माणसाचे प्राण घेऊ शकतो आणि लोकांचा शब्द त्याला अमर करू शकतो. म्हणून शब्द वापरणाऱ्याने तो आधी तोलून पाहावा.

स्वाध्याय

१. व्हर्डिक्ट आणि सेन्टन्स यांतील फरक टिळकांच्या खटल्याच्या आधारे सांगा.
२. दिवाणी दावा हरलेल्यास 'दोषी' का म्हणू नये?
३. 'सुटला' या शब्दाचे तीन अर्थ तीन वाक्यांत लिहा.
४. 'आरोपी' आणि 'गुन्हेगार' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरल्यास कोणता अन्याय होतो?